पात्रूच्या नावाचं मडकं

साफ्ताने कुऱ्हाड उचलली ती सरपण फोडायला नव्हे. सरपण केव्हाच फोडून पडवीत रचलेलं होतं. डोक्याचा काळा रुमाल नीट करायलाही न थांबता ती अंगणाबाहेर पडली, चुनखडीच्या दगडांची उतरण भराभर उतरली आणि दोरीनेलच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली. सत्तरी उलटलेली बाई, एरवी ही उतरण उतरताना दोनदा बसायची. आज गुडघ्यांची कुरकुर करायची हिंमत झाली नाही.

फाटकाशी कालपर्यंत नुसता एक खांब होता. आज त्यावर पाटी आली होती. लाल अक्षरं, मुद्दाम ओघळ काढलेली. ‘स्त्रिगोईच्या गावात स्वागत.’ स्त्रिगोई म्हणजे रात्री थडग्यातून उठून जिवंतांचं बळ शोषणारा मेलेला; छातीत खुंटा ठोकला तरच तो निजतो. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पात्रूचं थडगं पाहा. शनिवारी खुंटा ठोकण्याचा खेळ.’ शेजारी दात विचकलेला एक माणूस काढला होता. त्याला झुपकेदार मिशा होत्या. पात्रूला, साफ्ताच्या बापालाही, तशाच मिशा होत्या. तेवढं मात्र कुणीतरी नीट चौकशी करून काढलं होतं.

तिने खांबावर पहिला घाव घातला.

“अगं मावशी! मावशी, थांब!” हातात कॉफीचा कप घेऊन दोरीनेल सपाता फटफटवत धावत आला. पाहुणेघराचा मालक झाल्यापासून तो सकाळी नऊपर्यंत सपातांतच असायचा. “पाटी प्लास्टिकची आहे, तुकडा उडून डोळ्यात जाईल!”

“जाऊ दे. डोळा फुटला तर बरंच, हे बघायला नको.”

“दे ती कुऱ्हाड इकडे. पाहुणे झोपलेत गं आत.”

“झोपू देत. माझा बाप पासष्ट वर्षं झोपला नाहीये.”

दोरीनेलने कप फाटकाच्या कठड्यावर ठेवला आणि कुऱ्हाडीचा दांडा धरला. लहानपणी हा पोरगा साफ्ताच्याच अंगणात वाढला होता. तिच्याच चेरीवरून पडून त्याचा दात तुटला होता, आणि तिनेच त्याला उचलून घरी नेलं होतं. त्यामुळे दोघांनी दांडा ओढला, पण कुणीच फार जोर लावला नाही.

“शांतपणे ऐक,” तो म्हणाला. “रस्त्यावर खडी पडली ती कशामुळे? बस येते म्हणून. दुकानाला कुलूप लागणार होतं, ते चालू आहे. फ्लोरेल इटलीला भांडी घासायला निघाला होता, तो इथेच राहिला.”

“इथे राहून काय करतो? तोंडाला पीठ फासून माझ्या बापाच्या थडग्यामागून उठतो.”

“काम आहे ते.”

“आणि ओठाला काय लावतो?”

दोरीनेल आपल्या सपातांकडे पाहू लागला.

“काय लावतो, विचारलं मी.”

“टोमॅटोचा रस,” तो पुटपुटला. मग, जणू तेवढ्याने काही सावरणार होतं, “घरचाच आहे.”

साफ्ताने दांडा सोडला. “पाटीवर खरं लिही,” ती म्हणाली. “पात्रू माणूस होता. सरकारच्या शिपायांनी त्याला गोळ्या घातल्या. एवढंच लिही. मग कर तुला काय करायचं ते.”

“गोळ्या घालून मारलेले प्रत्येक गावात आहेत, मावशी. त्यांच्यासाठी बुखारेस्टहून बस कोण करणार? स्त्रिगोई फक्त आपल्याकडे आहे.” त्याचा आवाज चढला. “आणि माझ्या आजोबांचं काय? इलारिएने खुंटा ठोकला आणि गावाची सुटका झाली, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. सगळं गाव तेच सांगतं. तू एकटीच वेगळं काहीतरी घेऊन बसतेस.”

“काय घेऊन बसते? कधी पूर्ण ऐकलंयस?”

“ऐकेन ना. पण आत्ता नको. न्याहारी करायची आहे माझी.”

ती वळली. चढण चढताना मागून त्याचा आवाज आला, “मावशी, कुऱ्हाड विसरलीस!” ती थांबली नाही.

वेताने हे सगळं कुंपणावरून पाहिलं होतं. वेता साफ्ताची शेजारीण. तिच्या तोंडात दात थोडे उरले होते, पण ती जिभेनेच चावे घ्यायची. “पाटीचं काही झालं नाही हं,” ती म्हणाली. “खांबाला मात्र जरा ओरखडा पडलाय. पुढच्या वेळी मला बोलाव, माझी कुऱ्हाड धारेची आहे.”

“वेते, आज चेष्टा नको.”

“मग रडू या का? ये, बस. आलुबुखाराची ताजी दारू आहे.” तिने दोन पेले भरले. मग आवाज खाली आणून म्हणाली, “ह्या शनिवारीच खेळ आहे म्हणे. मृतांच्या शनिवारी. कळलं का तुला?”

साफ्ताला कळलं होतं. सगळ्यात जास्त तिला झोंबलं होतं ते तेच.

रुसालीच्या सणाआधीचा शनिवार मृतांचा. त्या दिवशी पोयेनी गावातलं प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसांसाठी पोमाना देतं. नवं कोरं मडकं, त्यात चेरी, वर गोल वळलेला पाव, आणि काठावर चिकटवलेली पेटती मेणबत्ती. देणारा म्हणतो, हे अमक्याच्या नावाने. घेणारा म्हणतो, बोग्दाप्रोस्ते, म्हणजे देव हे पोचवो. हा शब्द उच्चारला की मडकं पलीकडे पोचतं. कुणी उच्चारला नाही, तर पलीकडचं माणूस भुकेलं राहतं. ह्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. पाऊस वरून पडतो, तितकंच हे सरळ आहे.

आणि पात्रूच्या नावाने आजवर एकानेही मडकं घेतलं नव्हतं.

एकदा साफ्ताने देऊन पाहिलं होतं. जुनं सरकार पडलं त्या वर्षी. आता बोलायला हरकत नाही असं सगळीकडे म्हणत होते, म्हणून ती दोन मडकी घेऊन दफनभूमीत गेली होती. आईच्या नावाचं बायकांनी घेतलं. “माझ्या बापाच्या नावाने” म्हणताच त्यांनी हात मागे घेतले. एकीने तर छातीवर क्रूसाची खूण केली. स्त्रिगोईच्या नावाचं घेतलं तर तो घेणाऱ्याच्या दारात येतो, तान्ह्या मुलांचं बळ शोषतो. साफ्ताने ती चेरी परत आणून कोंबड्यांना घातली होती. त्या संध्याकाळी ती कोंबड्यांवरही ओरडली होती.

“मी जिवंतपणीची पोमाना घालते,” ती आता एकदम म्हणाली.

वेताचा पेला हवेतच थांबला. “तुझी? इतक्यात? अगं, तू तर अजून कुऱ्हाड घेऊन पळतेस.”

“मला मूलबाळ नाही. मेल्यावर माझं कोण घालणार? तेव्हा माझं मीच घालते, मरणाचे कपडे घालून, सगळ्या गावाला बोलावून. जिवंत माणसाच्या पोमानेला नाही म्हणता येत नाही. येतं का?”

“नाही येत. पाप लागतं.”

“आणि पेटती मेणबत्ती हातात घेतली की मडकं परत देता येतं का?”

वेताने पेला खाली ठेवला. “म्हणजे माझी म्हणून बोलवायचं आणि हातात दिल्यावर नाव दुसरंच घ्यायचं,” ती म्हणाली. “ही फसवणूक झाली, साफ्ते.”

“माझ्या आईनेही फसवलंच होतं ह्या गावाला.”

“आणि त्याचं काय झालं?”

साफ्ताने पेला रिकामा केला. पण वेता पीठ मळायला आली, आणि हसत आली. कुंभाराकडे मडकी सांगायलाही तीच गेली.

पीठ मळताना साफ्ताला सगळं दिसत होतं. ते तिला नेहमीच दिसायचं. फक्त पिठात हात असले की जास्त स्पष्ट दिसायचं, कारण तेव्हाही आई अशीच पीठ मळत होती.

सरकारला जमीन द्यायला नकार देऊन जे रानात गेले, त्यांना पात्रूने भाकरी पोचवली होती. पुढे शिपाई त्यालाच शोधू लागले. तेव्हा त्याच्या दोन मित्रांनी गावात येऊन सांगितलं, वर लाकूडतोडीत ओंडका अंगावर आला, चेहरा बघण्यासारखा नाही. पेटी खिळे ठोकूनच आणली. पाद्र्याने प्रार्थना म्हटली, आई स्तानाने केस मोकळे सोडून आक्रोश केला, गावाने पोमानेचं जेवण जेवलं. पेटीत घोंगडीत गुंडाळलेले नदीचे दगड होते. बाप वर गुहेत होता. त्या डोंगरात गुहा कुठे कुठे आहेत हे मेंढपाळांनाही धड ठाऊक नाही.

अंधार पडल्यावर तो उतरून यायचा. साफ्ता सात-आठ वर्षांची होती. तो आला की ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास यायचा. तो तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि काही न बोलता जेवायचा, इतका भराभर की आई म्हणायची, “अहो, घास तरी चावा.” एकदा एका शेजारणीने त्याला कुंपणापाशी पाहिलं. तेव्हा स्तानाने क्षणभरही विचार केला नाही. ती अंगणात धावत आली आणि छाती पिटून ओरडली, माझा नवरा थडग्यात राहत नाही, रात्री येतो, माझं बळ ओढून नेतो! दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्याच दाराला लसूण चोळला. गावाने आपापल्या दारांना चोळला. दिवे लागायच्या आत खिडक्या बंद होऊ लागल्या. शिपायांनीही ऐकलं आणि हसून सोडून दिलं. एवढी चांगली गोष्ट त्या खोऱ्यात कुणी रचली नसेल. तिने एका माणसाला वर्षभराहून जास्त जगवलं.

आणि मग इलारिएची मुलगी तापाने गेली.

इलारिए देवळात घंटा वाजवायचा. गरीब, भित्रा माणूस. पाळण्यातली मुलगी गेली आणि त्याच्या डोक्यात एकच आलं, हे पात्रूचंच काम. त्याने तिघांना बरोबर घेतलं आणि पात्रूचं थडगं उकरलं. पेटीत माणूस नाही, दगड आहेत, हे पाहून कुठल्याही शहाण्या माणसाला समजलं असतं की हा माणूस मेलेलाच नाही. पण त्या चौघांना उलटंच समजलं. स्त्रिगोई इतका बळावलाय की आपल्या जागी दगड निजवून हिंडतो! त्यांनी घोंगडीतून दगडांवरच खुंटा ठोकला. खुंटा मोडला. पुरून टाकलं, आणि गुत्त्यावर येऊन पित पित सांगितलं, पेटीत दगड होते, देवाशपथ, नुसते दगड.

गुत्त्याच्या कोपऱ्यात धान्याच्या वसुलीवर आलेला सरकारी माणूस बसला होता. तो शहरचा होता. त्याला बरोबर समजलं.

थोड्याच दिवसांनी शिपाई आलुबुखाराच्या बागेत दबा धरून बसले. पात्रू घरापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी त्याला गाडीत घातलं, वर मक्याची ताटं टाकली आणि नेलं. कुठे पुरलं ते आजतागायत कुणी सांगितलं नाही. साफ्ता पुढे कचेऱ्यांतून विचारून आली, तिला खुर्च्या दिल्या गेल्या, उत्तर मिळालं नाही.

पण ह्यातलं काहीच तिला सगळ्यात जास्त जाळत नव्हतं. जाळत होती ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. गोळ्यांचे आवाज सगळ्यांनी ऐकले होते. पोयेनीत कुत्रं भुंकलं तरी दोन्ही टेकड्यांवर ऐकू जातं. गोळ्या सगळ्यांनी ऐकल्या, आणि सकाळी सगळे म्हणाले, स्त्रिगोई आता येत नाही, इलारिएच्या खुंट्याने काम केलं. बायकांनी उपकार म्हणून त्याच्या घरी अंडी नेली. स्त्रिगोई फार सोयीचा होता. त्याने कुणावरच काही येऊ दिलं नाही. ना शिपायांवर, ना गुत्त्यावर, ना खिडक्या लावून बसलेल्यांवर. आणि आता तो बसही आणत होता.

“अगं, पीठ आहे ते,” वेता म्हणाली. “मारू नको त्याला.”

शनिवारी दुपारी दफनभूमीत कबरींवर चादरी अंथरल्या गेल्या. बायकांनी भांडी मांडली, कोबीच्या पानातला भात, उकडलेले गहू, दारूच्या बाटल्या. गवत कापलेलं होतं आणि खाली ओढ्याकाठची एल्डरची झुडपं फुलली होती. साफ्ता बापाच्या दगडापाशी स्टुलावर बसली होती, ट्रंकेतून काढलेल्या मरणाच्या कपड्यांत: काळा घागरा, पांढरं भरतकामाचं झंपर, नवे न घातलेले जोडे. जोडे टाचेला चावत होते. मेल्यावर चावले नसते म्हणा.

“मावशी, तुला अजून खूप जगायचंय,” तरुण पाद्री हसत म्हणाला. “पण घातलीस ते छान केलंस.” त्याने प्रार्थना म्हटली, धूप फिरवला आणि त्याची दुसऱ्या गावात वाट बघत होते म्हणून तो निघूनही गेला.

दोरीनेलही आला होता, आज बूट घालून. बस यायला अवकाश होता. “मावशी, बरं झालं गं,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “मला वाटलं, तू अजून रागावलेली असशील.”

“रांगेत उभा राहा,” साफ्ता म्हणाली.

तिने प्रत्येकाच्या हातात मडकं दिलं. वेता मागून मेणबत्त्या पेटवत आली. म्हातारे, सुना, दुकानदार, दोरीनेलची बायको, सगळे ज्योतीभोवती हात धरून उभे राहिले आणि तिच्या शब्दाची वाट पाहू लागले.

“हे पात्रूच्या नावाने,” साफ्ता म्हणाली.

कुणाला आधी कळलंच नाही. मग एक म्हातारा म्हणाला, “तुझ्या नावाने म्हण ना. जिवंताची पोमाना आहे.”

“माझ्या नावाचं घालेन पुढच्या वर्षी, जगले तर. हे माझ्या बापाच्या नावाने आहे. तुम्ही ज्याच्या पेटीत दगड पाहिलेत त्याच्या. तो स्त्रिगोई नव्हता. तो वर गुहेत होता आणि भूक लागली की घरी यायचा. माझ्या आईने तुम्हाला खोटं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तुमच्यापैकी कुणीतरी शिपायांना सांगून आलंच असतं. आणि शेवटी खोटं ऐकूनही गुत्त्यावर सरकारी माणसादेखत सांगून आलातच, आणि शिपायांनी त्याला बागेत मारलं.”

“मी तेव्हा जन्मलोही नव्हतो,” दुकानदार पुटपुटला.

“जन्मला नव्हतास, पण ‘स्त्रिगोई वाइन’ विकतोस.”

एक सून मडकं खाली ठेवायला वाकली. “पेटती मेणबत्ती खाली ठेवतेस?” वेता गरजली. ती सून दचकून सरळ झाली. मग वेताने आपलं मडकं छातीशी धरलं आणि बहिऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बोग्दाप्रोस्ते! आता येऊ दे त्याला माझ्या दारात. माझ्याकडे पुरुष यायला किती वर्षं झाली, मी आनंदाने उघडेन.”

दोघे-तिघे हसले. हसण्याने काहीतरी सैल झालं. त्या म्हाताऱ्याने मडक्याकडे पाहिलं, मग साफ्ताकडे, आणि म्हणाला, “मी ऐकल्या होत्या गोळ्या. लहान होतो. आईने माझ्या डोक्यावर उशी दाबली होती.” थोडं थांबून म्हणाला, “बोग्दाप्रोस्ते.” मग एकेक जण म्हणाला. कुणी स्पष्ट, कुणी नुसते ओठ हलवून. साफ्ता प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती. तिला गहिवर वगैरे काही आला नाही. तिला वाटत होतं, एवढंच होतं? एवढ्यासाठी पासष्ट वर्षं?

दोरीनेलने मात्र तो शब्द म्हटला नव्हता. त्याच्या मेणबत्तीचं मेण बोटांवर ओघळत होतं.

“तू माझ्या आजोबांना खुनी म्हणतेस,” तो शेवटी म्हणाला. “सगळ्या गावासमोर. माझ्या बायकोसमोर.”

“खुनी नाही म्हणत. त्याची मुलगी गेली होती, तो भ्याला होता. मला त्याचा राग खुंट्याबद्दल नाही.”

“मग कशाबद्दल?”

“त्यानंतरच्या अंड्यांबद्दल. ती त्याने घेतली. दर रविवारी माझ्या आईसमोरून मान ताठ ठेवून घंटा वाजवायला गेला. गोळ्या त्यालाही ऐकू आल्या होत्या, दोरीनेल.”

“त्यांना कळलंच नसेल!”

“कळलं नसेल तर तुला कोणी स्त्रिगोई म्हणून घाबरवलं तेव्हा ते का उठून जायचे? आठवतं तुला? तूच सांगायचास, आजोबा ती गोष्ट कधी स्वतः सांगत नाहीत, आजीच सांगते.”

तेवढ्यात खालून भोंगा वाजला. बस.

बुखारेस्टची पाहुणे मंडळी वर चढली. पंधरा-वीस जण, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, फोन. कबरीवरच्या चादरी, मेणबत्त्या, मरणाच्या कपड्यांतली म्हातारी पाहून ती खूश झाली. “किती खरं वाटतं!” एक बाई म्हणाली आणि साफ्ताचा फोटो काढला. दोरीनेल दगडाशेजारी उभा राहिला. सवयीने त्याचा आवाज खाली गेला. “ह्या थडग्यात,” तो म्हणाला, “पात्रू नावाचा माणूस...” आणि थांबला. हातातली मेणबत्ती त्याने अजून टाकली नव्हती.

‘माणूस’ हा शब्द आला की उठायचं, एवढंच फ्लोरेलला ठाऊक होतं. भोंगा ऐकून दगडामागे जाऊन बसलेला तो उठला. पिठाने पांढरा, ओठांतून लाल ओघळ, हात पसरलेले. पाहुण्यांनी किंचाळून टाळ्या वाजवल्या.

साफ्ता उठली. नव्या जोड्यांत लंगडत ती त्याच्यापर्यंत गेली, स्टुलाखालचं उरलेलं मडकं तिने त्याच्या पिठाळ हातांत कोंबलं आणि म्हणाली, “घे. माझ्या बापाच्या नावाने.”

फ्लोरेल गोंधळला. पण आईने लहानपणी शिकवलेलं तोंडून आपोआप निघालं. “बोग्दाप्रोस्ते, मावशी.”

पाहुण्यांना ते फारच आवडलं. ते हसले, पुन्हा टाळ्या वाजल्या. साफ्ताला वाटलं, आता आपल्या हातून काहीतरी वाईट होणार. तिने त्या टाळ्या वाजवणाऱ्या बाईकडे असं पाहिलं की बाईचे हात हवेतच राहिले.

“फ्लोरेल,” दोरीनेल म्हणाला. “तोंड पूस. खाली बस.”

“पण अजून खुंटा...”

“बस म्हटलं ना.”

आणि दोरीनेलने सांगायला सुरुवात केली. वाईट सांगितलं. अडखळत, मागेपुढे करत, चुकीच्या ठिकाणी थांबत. दगड सांगितले, गुहा सांगितली, गुत्ता सांगितला. थडगं कुणी उकरलं इथे आला तेव्हा त्याने साफ्ताकडे पाहिलं. ती नजर चुकवेल अशी त्याला आशा असावी. तिने चुकवली नाही.

“उकरलं ते इलारिएने,” तो म्हणाला. “इलारिए म्हणजे माझे आजोबा.”

बागेतल्या गोळ्यांपर्यंत पोचल्यावर तो गप्प झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टोपीवाल्या एका पोक्त गृहस्थाने विचारलं, “मग स्त्रिगोई कधी येतो?”

“येत नाही,” दोरीनेल म्हणाला. मग हातातल्या मडक्याकडे पाहत, जवळजवळ चिडून, “बोग्दाप्रोस्ते.”

पाहुण्यांपैकी काही जण बसकडे परतले. दोघीतिघी तिथेच रेंगाळल्या आणि वेताने त्यांच्या हातात दारूचे पेले दिले. मजा संपली होती. फ्लोरेल दगडावर बसून पावाबरोबर चेरी खात होता, हनुवटीवरचा टोमॅटो तसाच.

उन्हं कलायच्या आत साफ्ता मरणाच्या कपड्यांतच उतरण उतरून दोरीनेलच्या फाटकापाशी आली. तिची कुऱ्हाड कठड्याला टेकवून ठेवलेली होती. दोरीनेल आतून बाहेर आला. तिने खांबाकडे पाहिलं.

“खांब हलतो,” तो रुक्षपणे म्हणाला. “एकटीने तुटणार नाही.” त्याने दोन्ही हातांनी खांब धरला आणि चेहरा बाजूला वळवला. “पुढच्या शनिवारी बस आली नाही, तर जेवायला मी तुझ्या दारात येऊन बसेन.”

“बस. मडकी उरली आहेत.”

“मी गमतीत बोलत नाहीये, मावशी.”

“मीही नाही. नीट धर.”

तिने घाव घातला. बापाला कुठे पुरलं हे अजूनही कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगणारं कुणी आता जिवंतही नसेल. राग जराही उतरला नव्हता. पण आज कुऱ्हाड त्याच खाचेत बसली, दुसरा घावही तिथेच बसला, आणि दात विचकणारा मिशीवाला तिरका होऊन पाटीसकट गवतात पडला.